उन्हाचे तास आणि गळ्यावरचे रंग : सरडे आणि साप उन्हाळा कसा काढतात

एप्रिल-मे आला की बातम्यांत 'उष्णतेची लाट' येते. हवामान खात्याची त्याची व्याख्या ठरलेली आहे. कमाल तापमान मैदानी भागात निदान ४० अंश, किनारपट्टीवर ३७, डोंगराळ भागात ३० हवं, आणि ते त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी चढलेलं असावं. हा आकडा मोजतात तो सावलीत. तापमापक जमिनीपासून चार-पाच फुटांवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत असतो.

सरडा राहतो जमिनीपासून दोन बोटांवर. विदर्भात हवेचं तापमान ४३ असतं तेव्हा उघड्या मुरमाचा किंवा कातळाचा पृष्ठभाग ५५-६० अंशांच्या घरात गेलेला असतो. पसाभर वजनही नसलेला जीव तिथे विसावला तर काही मिनिटांत मरेल. तरीही आपल्याकडच्या कितीतरी सरड्यांचे नर नेमके याच महिन्यांत उघड्या दगडावर चढून बसतात, माना हलवतात आणि अंगावरचे सगळ्यात भडक रंग दाखवतात. पावसाळ्यात किडे मुबलक असतात, पिल्लं तेव्हा बाहेर यायला हवीत, म्हणून जोडी जमवायची ती पावसाआधीच. सगळ्यात कडक ऊन आणि सगळ्यात भडक रंग असे एकाच हंगामात येतात. उन्हाचा हिशेब आणि रंगाचा हिशेब वेगवेगळा मांडला तर दोन्ही अर्धवट कळतात. दोन्ही गोष्टी एकाच कातडीवर आणि दिवसाच्या त्याच मोजक्या तासांत उरकायच्या असतात.

'थंड रक्ताचे' म्हणजे काय?

हा शब्द दिशाभूल करतो. सकाळी अकरा वाजता पकडलेल्या सरड्याचं रक्त आपल्या रक्ताइतकंच, कधी त्याहून थोडं जास्तच गरम असतं. फरक उष्णतेच्या उगमात आहे. आपण खाल्लेल्या अन्नाचा मोठा वाटा शरीर गरम ठेवण्यात जाळतो. सरडे आणि साप ती उष्णता ऊन, दगड, हवा यांच्याकडून घेतात. त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या उंदराला किंवा खारीला लागणाऱ्या अन्नाच्या साधारण दहाव्या हिश्शात सरड्याचं भागतं. घोणस आठवडेच्या आठवडे उपाशी राहू शकते ती याच काटकसरीवर.

या काटकसरीची किंमतही आहे. शरीराचं तापमान दहा अंशांनी उतरलं की शरीरातल्या रासायनिक क्रिया निम्म्या-तिसऱ्या हिश्शावर येतात. गारठलेला सरडा धावू शकत नाही आणि गारठलेल्या सापाला गिळलेला उंदीर पचत नाही. म्हणूनच भक्ष्य गिळल्यावर अनेक साप मुद्दाम उबेची जागा शोधतात. ती मिळाली नाही तर अन्न पोटात सडू लागतं आणि साप ते ओकून टाकतो.

खरी अडचण वरच्या टोकाला आहे. दिवसा वावरणाऱ्या बहुतेक सरड्यांना शरीराचं तापमान ३२ ते ३८ अंशांच्या दरम्यान हवं असतं. त्यापेक्षा सात-आठ अंश वर गेलं की स्नायूंवरचा ताबा सुटतो. शास्त्रज्ञ ही मर्यादा ठरवताना प्राण्याला पाठीवर उताणं करतात. ज्या तापमानाला त्याला पालथं होता येत नाही ती त्याची 'कमाल सहनमर्यादा'. म्हणजे सरडा सगळ्यात चपळ ज्या तापमानाला असतो, तिथून कोसळण्याची जागा फार लांब नसते. गारव्याच्या बाजूला चुकायला भरपूर वाव असतो, उष्णतेच्या बाजूला जवळजवळ नाहीच.

मग तो हा तोल सांभाळतो कसा?

मे महिन्यात शेतात राबणारा माणूस पहाटे अंधारात नांगर धरतो, ऊन चढलं की झाडाखाली येतो आणि उन्हं कलली की पुन्हा कामाला लागतो. सरड्याचा उन्हाळी दिवस असाच दोन पाळ्यांचा असतो.

सकाळी बाहेर आल्यावर त्याला तापायचं असतं. तो बरगड्या पसरून अंग चपटं करतो, पाठ उन्हाला काटकोनात धरतो, पोट दगडाला टेकवतो आणि कातडी गडद करतो. अंग तापलं की किडे टिपणं, हद्दीची राखण, मादीचा पाठलाग सुरू होतो. ऊन चढू लागलं की हेच सगळं उलट. तोंड सूर्याकडे करून कमीत कमी अंग उन्हात ठेवायचं, पाय ताठ करून पोट दगडापासून उचलायचं, शेपटी वर धरायची, कातडी फिकी करायची. जमिनीपासून वीतभर वर हवा बरीच निवलेली असते, म्हणून झुडपावर किंवा कुंपणाच्या खांबावर चढायचं. हेही पुरेना तर सावली आणि शेवटी बीळ.

सरड्याला घाम येत नाही. फारच तापला तर तो तोंड उघडून धापा टाकतो, पाण्याची वाफ होते आणि डोकं जरा निवतं. पण कोरड्या माळावर पाणी अन्नापेक्षा दुर्मिळ असतं, म्हणून हा उपाय अगदी शेवटचा. भर दुपारी कुंपणावर आ वासून बसलेला सरडा ऊन खात बसलेला नसतो. सावली गाठण्याआधीची त्याची ही अखेरची धडपड असते.

अनेक सरड्यांच्या डोक्यावर मधोमध एका पारदर्शक खवल्याखाली तिसरा डोळा असतो. त्याने चित्र दिसत नाही, उजेड मात्र कळतो. तो झाकून केलेल्या प्रयोगांत सरडे गरजेपेक्षा जास्त वेळ उन्हात राहिले. सापांना हा डोळा नसतो.

उष्णतेने सरडे मरतात की काय?

थेट उन्हाने मेलेला सरडा क्वचितच सापडतो. नुकसान होतं ते तासांचं.

शेतकऱ्याला झाडाखाली अकराऐवजी नऊलाच यावं लागलं आणि संध्याकाळी चारऐवजी सहालाच उठता आलं, तर तो दगावणार नाही, पण रान तयार होणार नाही. सरड्याचं तेच होतं. बिळात तो सुरक्षित असतो, पण तिथे किडे नसतात आणि मादीही नसते. मेक्सिकोमध्ये काटेरी खवल्यांच्या सरड्यांच्या ४८ जातींवर झालेला आणि २०१० मध्ये बॅरी सिनर्व्हो आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत मैलाचा दगड मानला जातो. १९७५ पासून नोंदी असलेली २०० ठिकाणं त्यांनी पुन्हा तपासली. त्यातल्या १२ टक्के ठिकाणचे सरडे नाहीसे झाले होते, आणि तेही अधिवास शाबूत असताना. कारण मिळालं ते तासांच्या हिशेबात. विणीच्या काळात दिवसातले साधारण चार तास बाहेर पडणं अशक्य झालं की माद्यांना अंडी-पिल्लांपुरतं पोषण मिळत नाही आणि वस्ती आटत जाते.

हे तास मोजायची रीत साधी आहे. सरड्याच्या आकाराची पोकळ तांब्याची प्रतिकृती घ्यायची, त्याच्या कातडीइतकाच प्रकाश परतवणारा रंग तिला द्यायचा, आत तापमापक बसवायचा आणि अशा अनेक प्रतिकृती दगडावर, गवतात, झुडपाखाली, बिळात ठेवायच्या. निर्जीव 'सरडा' कुठे किती वाजता किती तापतो हे कळलं की जिवंत सरड्याला कोणत्या वेळी कुठली जागा परवडेल याचा नकाशा तयार होतो. बातमीतला ४३ चा आकडा या नकाशाच्या जवळपासही पोचत नाही.

कातडीत रंग येतो कुठून?

सरड्याच्या कातडीत रंगपेशींचे तीन थर असतात. सगळ्यात वर पिवळे-तांबडे कण असलेल्या पेशी. मधल्या थरातल्या पेशींमध्ये रंगद्रव्य नसतं, तर ग्वानीन नावाच्या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक रांगेने बसलेले असतात. या स्फटिकांमधल्या अंतरावर कोणत्या रंगाचा प्रकाश परतेल हे ठरतं, आणि निळा रंग इथूनच येतो. सगळ्यात खाली काळ्या मेलॅनिनच्या पेशी, ज्यांच्या फांद्या वरपर्यंत पोचलेल्या असतात. मेलॅनिन फांद्यांत पसरलं की कातडी काळवंडते, मध्यभागी गोळा झालं की फिकी होते.

मादागास्करमधल्या पँथर शॅमेलिऑन या सरड्यावर जिनिव्हा विद्यापीठात झालेल्या अभ्यासाने २०१५ मध्ये या मधल्या थराचं कोडं उलगडलं. नर शांत असतो तेव्हा स्फटिक दाटीने बसलेले असतात, त्यातून निळा प्रकाश परततो आणि वरच्या पिवळ्या थरातून येताना तो हिरवा दिसतो. दुसरा नर समोर आला की स्फटिकांमधलं अंतर वाढतं आणि कातडी पिवळी-नारिंगी-लाल होत जाते. त्याच्याही खाली मोठ्या स्फटिकांचा आणखी एक थर सापडला. तो उन्हातले डोळ्यांना न दिसणारे, जवळचे अवरक्त किरण परतवतो. उन्हाची जवळजवळ निम्मी ऊर्जा याच अदृश्य किरणांत असते, तेव्हा हा थर उष्णता अडवण्याच्या कामी येत असावा असा संशोधकांचा तर्क आहे. म्हणजे वरचा थर बोलतो आणि खालचा थर ऊन थोपवतो.

पण सरडा आजूबाजूला बघून रंग बदलतो ना?

राजकारण्यांना आपण सरडा म्हणतो ते याच समजुतीवर, आणि सरड्यावर तो अन्याय आहे. पार्श्वभूमीशी थोडंफार जुळवून घेणं काही जातींत असतं, पण झटपट आणि ठळक रंगबदल बहुतेक वेळा लपण्यासाठी नसतो, उठून दिसण्यासाठी असतो.

आपल्या कुंपणावरचा नेहमीचा सरडा पाहा. विणीच्या दिवसांत नराचं डोकं आणि खांदे लालभडक होतात. दोन नर समोरासमोर येतात, पुढच्या पायांवर उठबशा काढाव्यात तशी मान वरखाली करतात, गळा फुगवतात. जो हरतो त्याचा लाल रंग बघता बघता ओसरतो आणि तो मातकट होऊन निघून जातो. चावाचावी न होता भांडण मिटतं.

दक्षिण भारतातल्या कातळांवर राहणारा सरडा तर दोन प्रसंगांना दोन वेगळे गणवेश घालतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासात दिसलं की मादीसमोर नराची पाठ लाल आणि कुशी काळ्या होतात, तर प्रतिस्पर्धी नरासमोर पाठ पिवळी आणि कुशी नारिंगी. दोन्ही बदल काही सेकंदांत होतात, आणि काम झालं की रंग उतरतो. रंग कायमचा ठेवला तर घारीला, शिक्र्याला तो लांबून दिसेल.

दिवसा वावरणाऱ्या सरड्यांची नजरही या संवादाला साजेशी असते. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात, त्यांच्या डोळ्यांत चार प्रकारच्या. चौथा प्रकार अतिनील किरण पाहतो. आपल्याला निव्वळ निळा वाटणारा गळा त्यांना त्याहून वेगळा दिसत असणार.

चाळकेवाडीचा पंखा

साताऱ्याजवळ ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीचं पठार आहे, हजार मीटरहून उंच. जांभ्याचा सडा म्हणजे उघडा सपाट कातळ, खुरटं गवत, मधूनमधून सुटे दगड आणि शेकडो पवनचक्क्या. मार्चपासून पावसापर्यंत इथल्या दगडांवर एक छोटा सरडा दिसतो. बसलेला असताना तो इतका मातकट की दोन पावलांवरूनही नजरेतून सुटावा. मग तो मागचे पाय ताठ करतो, छाती वर काढतो आणि गळ्याखालची घडी उघडते. आत झगझगीत निळा, त्यालगत काळा आणि नारिंगी. जिभेच्या मुळाशी असलेली कूर्चेची काडी पुढे ढकलली की हा पंखा ताणला जातो, मागे घेतली की मिटतो. उघडमीट भराभर चालते आणि मिटला की नर पुन्हा मातीत जमा. तांबड्या जांभ्यावर आणि वाळल्या गवतावर निळ्याइतका दुसरा कुठलाच रंग उठून दिसला नसता.

व्ही. दीपक, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये या सरड्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि त्याला 'सरडा सुपर्बा' हे नाव दिलं. या गटाच्या शास्त्रीय नावात आपला 'सरडा' हा शब्दच कायम झाला आहे.

हा पंखा उघडायलाही ऊन लागतं. अंग गार असेल तर स्नायू मंद चालतात आणि उघडमीट सुस्त होते. दगडाचा माथा फार तापला तर जागा सोडावी लागते, आणि खालच्या सावलीत उघडलेला पंखा लांबच्या मादीला दिसत नाही. म्हणजे अंग तापल्यापासून दगड सोडावा लागेपर्यंतचा वेळ, एवढीच काय ती दाखवण्याची संधी. त्याच वेळात खायचंही असतं आणि आभाळाकडे लक्षही ठेवायचं असतं.

आता आभाळाची गोष्ट. मारिया ठाकर, अमोद झांब्रे आणि हर्षल भोसले यांनी पवनचक्क्या असलेला आणि नसलेला असे या पठाराचे दोन भाग तुलनेला घेतले. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात तिसा, कापशी घार यांसारखे शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी होते. तिथे सरडे जास्त होते, त्यांच्या रक्तात ताणाचं संप्रेरक कमी होतं आणि माणसाला ते बरंच जवळ येऊ देत होते. इथपर्यंत वाचून सरड्यांचं बरं चाललंय असं वाटेल. पण तेच सरडे लांबीच्या मानाने हडकुळे होते आणि नरांच्या गळ्यावरचा रंग फिका होता. संख्या वाढली, किडे तेवढेच राहिले, एकेकाच्या वाट्याला कमी आले आणि ते गळ्यावर उमटलं.

मला या अभ्यासातलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. गळ्याचा रंग नराच्या अंगावरची खाल्ल्यापिल्ल्याची खूण आहे, आणि मादी ती वाचते. बाहेर राहण्याचे तास कमी होणं आणि अन्न कमी पडणं यांचा परिणाम एकाच जागी, रंगावर दिसू शकतो. सरडे मोजून नुसतं 'भरपूर आहेत' म्हटलं तर हे हातून निसटतं.

फिका रंग घेऊन थंड राहता येत नाही का?

येतं, पण थोडंच. फिकी कातडी जास्त ऊन परतवते, गडद कातडी जास्त शोषते. त्यातून तापण्याच्या वेगात काही मिनिटांचा फरक पडतो. सकाळच्या गारव्यात ती मिनिटं महत्त्वाची असतात. साठ अंशांच्या कातळावर मात्र फिक्या कातडीने काही भागत नाही, तिथे सावलीच लागते.

रंगाने एकाच वेळी बोलायचं आणि तापमानही राखायचं ही ओढाताण ऑस्ट्रेलियातल्या दाढीवाल्या ड्रॅगन सरड्याने छान सोडवली आहे. त्याची पाठ उन्हाच्या आणि तापमानाच्या हिशेबाने गडद-फिकी होते, तर दाढी आणि छाती दुसरा सरडा समोर आल्यावर काळी होतात. अंगाचे भाग कामं वाटून घेतात. चाळकेवाडीच्या सरड्याने दुसरी वाट धरली. बोलायचा रंग घडीत ठेवला आणि पाठ उन्हासाठी मोकळी ठेवली.

सापांचं काय?

सापांची गोष्ट वेगळी आहे. एकमेकांशी बोलायला ते रंग फारसे वापरत नाहीत. मादीचा माग ते वासाने काढतात. जीभ हवेतले कण टिपते आणि टाळूतल्या इंद्रियाला देते. सापाच्या अंगावरचे रंग वाचणारे असतात त्याचे शत्रू, त्याचं भक्ष्य आणि आपण.

घोणशीच्या पाठीवरचे बदामी गोल आणि फुरशाची मातकट नक्षी लपण्यासाठी. हरणटोळ हिरव्या वेलीत बेमालूम मिसळतो, पण डिवचला की अंग फुगवतो आणि खवल्यांमधली काळी-पांढरी कातडी दिसू लागते. पोवळा साप धोका वाटला की शेपटी वर वळवून खालचा निळसर रंग दाखवतो, म्हणजे शत्रूचं लक्ष डोक्यावरून शेपटीकडे जावं.

आणि कवड्या. हा बिनविषारी साप अंगावरच्या पट्ट्यांमुळे मण्यारीसारखा दिसतो. त्याचा शत्रूंपासून बचाव होत असेलही, पण माणसाच्या हातून तो याच रूपामुळे मारला जातो. फरक असे : कवड्या तपकिरी असतो, पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यार चकचकीत निळसर काळी, पट्टे बारीक, बहुधा जोडीने, मानेपासून काही अंतरावर सुरू होतात आणि शेपटीकडे ठसठशीत होतात. मण्यारीच्या पाठीच्या मध्यरेषेवरचे खवले षटकोनी आणि मोठे असतात. कवड्या भिंतीवर सराईतपणे चढतो, मण्यार बहुतेक जमिनीवरच. पण मण्यारीच्या पिल्लांत पट्टे मानेपर्यंत असू शकतात आणि काही कवडे बरेच गडद असतात. टॉर्चच्या उजेडात, घाबरलेल्या मनाने केलेली ओळख चुकते. या खुणा सर्पमित्र येईपर्यंत लांबून पाहण्यासाठी आहेत, हात लावायचा की नाही हे ठरवण्यासाठी नाहीत.

उन्हाचा प्रश्न बरेच साप पाळी बदलून सोडवतात. जे गारव्याच्या दिवसांत सकाळी ऊन खाताना दिसतात, ते उन्हाळ्यात संध्याकाळी आणि रात्री फिरतात. दिवसा त्यांना गार, दमट जागा हवी असते. ती जंगलात बिळात मिळते आणि वस्तीत मोरीत, पाण्याच्या टाकीखाली, रांजणामागे. मे महिन्यात न्हाणीघरात निघालेला साप गारव्यासाठी आलेला असतो, किंवा उंदरामागे. सह्याद्रीतले खापरखवले हे साप जमिनीत राहतात, ते ऊन वाढेल तसे ओलाव्यामागे खोल जातात.

चापडा या हिरव्या सापाचं उष्णतेशी आणखी एक नातं आहे. त्याच्या डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये खड्डा असतो, त्यातल्या पातळ पडद्यावर भक्ष्याच्या अंगची उष्णता 'दिसते'. मागचा दगड किंवा फांदी भक्ष्याहून गार असली तरच हे नीट जमतं. रात्र उबदार राहिली, दगड निवले नाहीत, तर उंदीर आणि दगड यांच्यातला फरक पुसट होतो.

दगडाची जाडी

कॅलिफोर्नियातल्या ईगल तलावाकाठी रेमंड ह्यूई आणि सहकाऱ्यांनी दगडांखाली राहणाऱ्या गार्टर सापांचा अभ्यास केला. तो १९८९ मध्ये आला. २० सेंटिमीटरपेक्षा पातळ दगडाखाली दुपारी जीवघेणं तापायचं आणि रात्री गारठायचं. ४० सेंटिमीटरपेक्षा जाड दगडाखाली कधीच पुरेशी ऊब नसायची. साप निवडत होते ते बहुतेक या दोहोंच्या मधले दगड. हे आकडे तिथल्या हवेचे आहेत, आपल्याकडे ते जसेच्या तसे लागू होणार नाहीत. तत्त्व मात्र तेच : दगडाच्या जाडीवर त्याच्याखालचं हवामान ठरतं, आणि उघड्या माळावरचे सगळे दगड सारखे नसतात.

कोकणातल्या सड्यांवर ही गोष्ट फार जिव्हाळ्याची आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कातळांवर पांढऱ्या पट्ट्यांची एक बुटकी पाल राहते. १९६३ मध्ये तिचं वर्णन झालं आणि कोकणाबाहेर ती सापडत नाही. दिवसभर ती सुट्या दगडांखाली असते. याच कातळांवर फुरसंही दगडाखालीच दिवस काढतं. हे सडे सरकारी कागदांत 'पडीक' म्हणून नोंदले जातात. कलमांच्या बागेसाठी सुरुंग लावून खड्डे काढले, वरचे सुटे दगड वेचून गडगा घातला, तर जमीन दिसायला साफ होते आणि तिथली निवाऱ्याची दमडीदेखील उरत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये लावलेल्या वणव्याने उरलंसुरलं गवतही जातं, आणि ते जातं नेमकं विणीच्या तोंडावर.

जुळवून घेतील की! वाळवंटातही सरडे असतातच

असतात. पण वाळवंटातले सरडेही भर दुपारी वाळूत गाडून घेतात किंवा बिळात असतात. त्यांची सहनमर्यादा आपल्याकडच्या सरड्यांपेक्षा काही अंशांनीच जास्त असते. जगतात ते वागण्याच्या जोरावर.

आणि इथेच एक पेच आहे. चार्ल्स बोगर्ट यांनी १९४९ मध्ये तो दाखवला, म्हणून त्यांच्या नावाने ओळखला जातो. सरडा सावलीत जाऊन उष्णता टाळतो, त्यामुळे उष्णता सोसू शकणारे आणि न सोसू शकणारे दोघेही जगतात. निवड होत नाही आणि पिढ्यान्‌पिढ्या सहनमर्यादा जवळपास तिथेच राहते. वागणं त्यांना आज वाचवतं, पण शरीर बदलायला भाग पाडत नाही. सावली संपली की मग हातात काहीच नसतं.

पिल्लांचाही प्रश्न आहे. त्याच ऑस्ट्रेलियन ड्रॅगन सरड्याची अंडी ३२ अंशांच्या वर उबली की गुणसूत्रांनी नर असलेली पिल्लं मादी होऊन बाहेर येऊ लागतात, आणि अशा माद्या निसर्गातही सापडल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. सापांत लिंग गुणसूत्रांनीच ठरतं, तो धोका त्यांना नाही.

आपल्या हातात काय आहे

सावली, निवारा आणि वेळ, या तीन गोष्टी. आवाराच्या कडेला वेगवेगळ्या जाडीच्या दगडांचा ढीग, एखादं करवंदीचं किंवा दुसरं कुठलंही स्थानिक झुडूप (घाणेरी नव्हे) आणि न कापलेल्या गवताची पट्टी ठेवली तर सरड्यांना दुपार काढता येते. हा ढीग घरापासून आणि पायवाटेपासून लांब हवा, कारण तिथे सापही येतील. घराला लागून विटा, लाकडं, कौलं रचू नयेत. दाराखालची फट आणि मोरीचं तोंड जाळीने बंद करावं. उन्हाळ्यात अंगणात जमिनीवर झोपायची सवय असेल तर खाट आणि चारही बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी हवीच. मण्यार रात्री फिरते, तिचा चावा बऱ्याचदा दुखत नाही आणि सूजही येत नाही. चावल्याचा नुसता संशय आला तरी चिरू नये, आवळून बांधू नये, हालचाल न करू देता १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावं.

सड्यावर किंवा माळावर दगड उलटवून पाहिलात तर तो त्याच खाचेत, त्याच बाजूने परत ठेवा. तिरका पडलेल्या दगडाखाली वारा शिरतो, ओल जाते आणि खालची जागा निकामी होते. हात दगडाच्या खाली घालू नका, पलीकडची कड आपल्याकडे उचला, म्हणजे खाली फुरसं असलं तरी दगड मध्ये राहतो.

एप्रिलमध्ये चाळकेवाडीला फोटो काढायला जाणाऱ्यांची गर्दी वाढते आहे. नर दगडावर असतो ते त्याचे दिवसातले सगळ्यात मोलाचे तास. लांबची लेन्स वापरा, एका जागी बसून राहा, आपली सावली त्याच्या दगडावर पडू देऊ नका, आणि चांगल्या फोटोसाठी त्याला एका दगडावरून दुसऱ्यावर हाकलू नका. त्याने पंखा मिटून अंग दगडाला चिकटवलं, तर तुम्ही फार जवळ आला आहात. दहा पावलं मागे जाऊन थांबा.